मदत हवी आहे: उघड्यावरच्या डेकवरील व्हार्निशचे पापुद्रे निघत आहेत

नमस्कार. घरामागच्या लाकडी डेकला, म्हणजे फळ्यांच्या उघड्या ओट्याला, आणि त्याला लागून असलेल्या कुंपणाला दोन वर्षांपूर्वी मी पारदर्शक व्हार्निशचे तीन हात दिले होते. पहिले काही महिने लाकूड इतके देखणे दिसत होते की येणाऱ्याजाणाऱ्याला मी ते कौतुकाने दाखवीत असे. आज डेकच्या उन्हाकडील बाजूचे व्हार्निश पापुद्र्यांनी सुटत आहे. जिथे ते सुटले तिथे लाकूड राखाडी पडले आहे, आणि जिथे कडा उचलल्या गेल्या आहेत तिथे खाली पाणी शिरून काळे डाग पडले आहेत. सावलीतला भाग मात्र जवळपास जसाच्या तसा आहे, आणि कुंपणाच्या उभ्या फळ्यांवर पाणी साचत नसल्यामुळे त्यांची अवस्थाही बरी आहे.

कारण आता थोडेफार समजले आहे. उन्हातील अतिनील किरण पारदर्शक थरातून आरपार जातात आणि लाकडाच्या तंतूंना बांधून ठेवणारे लिग्निन विघटित करतात. त्यामुळे व्हार्निश कितीही चांगले असले तरी ते ज्याला धरून आहे तो पृष्ठभागच भुसभुशीत होतो. शिवाय लाकूड पावसात फुगते आणि उन्हात आक्रसते, ही हालचाल कडक थराला झेपत नाही. म्हणून या वेळी लाकडात मुरणारे, रंगद्रव्य असलेले तेलाचे स्टेन द्यावे असा विचार आहे.

माझी अडचण अशी की, सावलीतले घट्ट बसलेले व्हार्निशही काढावे लागेल का? पाण्याचे थेंब टाकून पाहिले, तेव्हा राखाडी भागात ते मिनिटभरात जिरले आणि व्हार्निशवर मात्र तसेच उभे राहिले. काळ्या डागांवर ऑक्झॅलिक आम्ल चालते असे ऐकले आहे. ते सर्वच डागांवर चालते का? आणि सँडपेपर किती बारीक घ्यावा?

प्रतिसाद

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या थेंबांनीच दिले आहे. जिथे पाणी जिरत नाही तिथे तेलही जिरणार नाही. ते वर चिकट राहील आणि धूळ धरील. तेव्हा सावलीतले व्हार्निशही काढावेच लागेल, कितीही जिवावर आले तरी. सँडपेपर ६० ते ८० क्रमांकाचा पुरेसा आहे. फर्निचरच्या सवयीने २२० पर्यंत गेलात, तर लाकडाची छिद्रे बुजून स्टेन कमी मुरेल. घासताना मुखपट्टी अवश्य लावा. लाकूड जुने असून त्यावर आर्सेनिकयुक्त संरक्षक प्रक्रिया झालेली असेल, तर मात्र ते घासूच नये.

काळे डाग दोन प्रकारचे असतात. खिळ्यांभोवतीचे डाग लोखंड आणि लाकडातील टॅनिन यांच्या संयोगाने पडतात आणि ते ऑक्झॅलिक आम्लाने जातात. बुरशीच्या डागांवर त्याचा फारसा उपयोग होत नाही. त्यांना सोडियम परकार्बोनेटचे द्रावण लावून मऊ ब्रशने घासावे. दोन्ही करायचे असल्यास आधी परकार्बोनेट, मग आम्ल, आणि प्रत्येकानंतर भरपूर पाणी. आम्ल विषारी आहे, म्हणून हातमोजे आणि चष्मा हवाच. त्यानंतर लाकूड पूर्ण वाळू द्या. वरून कोरडे दिसणे पुरेसे नसते.

स्टेन थेट उन्हात लावू नका, आणि जे मुरले नाही ते डब्यावर सांगितलेल्या वेळेत पुसून घ्या. फळ्यांची कापलेली टोके विसरू नका, कारण लाकडातील सूक्ष्म नळ्यांची तोंडे तिथेच उघडी असतात आणि सर्वाधिक पाणी तेथूनच आत जाते. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा गोळा करून ठेवू नका; तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि त्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या उघड्यावर एकेक पसरून वाळवाव्यात.

मूळ प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. एका फळीवर प्रयोग करून पाहिला. स्क्रूभोवतीचे डाग आम्लाने गेले. फळ्यांच्या फटींलगतचे तसेच राहिले, म्हणजे ती बुरशी असावी. तिथे चाकूचे टोक दाबले तेव्हा दोन फळ्यांत ते सहज आत गेले. म्हणजे आतले लाकूड कुजले आहे, आणि या दोन फळ्या स्टेन देण्याआधी बदलाव्यात हे उघड आहे. परंतु नव्या फळ्या जुन्यांच्या रंगाला मिळत्याजुळत्या दिसाव्यात यासाठी काय करावे, हे कोणी सांगू शकेल का?