मदत हवी आहे: मुलाच्या धंद्यासाठी बँक खातं आणि बिल, शुक्रवारपर्यंत

सांगलीची_आई (सोमवार, रात्री १०:४०)
नमस्कार. माझ्या मुलाला दिवाळीची मोठी ऑर्डर मिळाली आहे. गणपती पेठेतल्या एका दुकानदाराने ४०० नग मागितलेत. त्यांना जीएसटी नंबरचं बिल हवं आहे आणि पैसे ते खात्यावरच टाकणार. मी आज बँकेत जाऊन आले, त्यांनी सरळ नाही म्हटलं. आता काय करू? शुक्रवारी दुकानदाराला सांगायचं आहे. मिस्टरांचं म्हणणं, अभ्यास सोडून हे कशाला, बंद कर. पोराने दोन महिने राबून हे मिळवलंय, आता कागदावरून अडलं तर तो पुन्हा उभा राहणार नाही. कृपया ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनीच सांगा.

कृष्णाकाठ (सोमवार, रात्री १०:५८)
ताई, मुलाचं वय काय? बँकेत नक्की कुठलं खातं मागितलंत, बचत की चालू?

सांगलीची_आई (सोमवार, रात्री ११:०५)
चालू खातं. धंद्याला चालूच लागतं ना? अकरावी कॉमर्सला आहे.

कृष्णाकाठ (सोमवार, रात्री ११:२१)
म्हणजे सोळा-सतरा. मग नकार बरोबर आहे, पण तुम्ही मागितलं ते चुकीचं. अल्पवयीन मुलाला बँक चालू खातं देत नाही. बचत खातं मात्र दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्या नावाने काढता आणि स्वतः चालवता येतं. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये याच्या सूचना नव्याने एकत्र दिल्या आहेत. कार्ड आणि नेट बँकिंग द्यायचं की नाही ते बँक ठरवते, आणि खातं उणे जाऊ देत नाहीत. मी बँकेतून निवृत्त झालो. काउंटरवर 'धंदा' हा शब्द न काढता 'मुलाचं बचत खातं' म्हणा, अर्ज लगेच हातात येईल.

वकिलीण_कोल्हापूर (सोमवार, रात्री ११:४४)
शब्द न काढता म्हणजे? बचत खात्यावर नियमित धंद्याची उलाढाल केली तर उद्या बँकच खुलासा मागेल. असा सल्ला देऊ नका.

ताई, खात्यापेक्षा मोठी अडचण करार कोण करतंय ही आहे. भारतीय करार कायदा १८७२, कलम ११ : अज्ञान, म्हणजे वयाने सज्ञान न झालेली व्यक्ती करार करायला पात्र नाही. १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या शेवटच्या अपील न्यायालयाने, मोहोरीबीबी खटल्यात असा करार मुळातच शून्य ठरवला, आजही तेच चालतं. म्हणजे मुलाने माल दिला नाही तर दुकानदार त्याच्यावर करार मोडल्याचा दावा लावू शकत नाही. शहाणा व्यापारी म्हणूनच मोठ्या माणसाची सही मागतो. व्यवहार तुमच्या नावावर करा. बिल तुमचं, खातं तुमचं, काम मुलाचं.

कृष्णाकाठ (मंगळवार, सकाळी ६:५०)
वर्षाला एक दिवाळी, आठ-दहा हजारांची रक्कम. याला नियमित उलाढाल कोण म्हणेल? पण बिल आईच्या नावावर असावं हे पटतं. मग रक्कम आईच्या खात्यात येऊ दे, आणि तिथून मुलाच्या बचत खात्यात. पोराला आपल्या पासबुकात आकडा दिसला पाहिजे, त्याची गोडी वेगळी असते.

हिशोबनीस (मंगळवार, सकाळी ७:३०)
जीएसटीची भीती बाळगू नका. वस्तूंच्या विक्रीला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. साधं बिल द्या : तारीख, क्रमांक, मालाचं वर्णन, नग, दर, रक्कम, सही. त्यावर जीएसटी लावायचा नाही. दुकानदाराला करवजावट (खरेदीवर दिलेला कर आपल्या करातून वजा करणं) मिळणार नाही एवढंच, म्हणून तो दर थोडा पाडून मागेल. तिथे घासाघीस मुलाला करू द्या.

आयकराचं कुणी विचारलं नाही तरी सांगतो. अज्ञान मुलाचं उत्पन्न एरवी आई किंवा वडलांच्या उत्पन्नात मिळवलं जातं. पण जे त्याने स्वतःच्या अंगमेहनतीने किंवा कौशल्याने कमावलं ते मिळवत नाहीत, ते त्याचंच. आणि पॅन कार्ड अज्ञान मुलाच्या नावाने निघतं.

झेप_मार्केटिंग (मंगळवार, सकाळी ८:१२)
मुलाला आधी ब्रँड बनवायला शिकवा. इन्स्टावर रोज एक रील, तीन महिन्यांत दुकानदाराची गरजच राहणार नाही. माझा पुतण्या तसंच करतो. दुकानदाराला बावीस-पंचवीस टक्के सोडायचे कशाला?

कृष्णाकाठ (मंगळवार, सकाळी ८:२०)
दिवाळीला तीन महिने नाहीत, तीन आठवडे आहेत.

निवृत्त_शिक्षक_मिरज (मंगळवार, सकाळी ९:०५)
मी छत्तीस वर्षं वाणिज्य शिकवलं. बारावीच्या वाणिज्य संघटन आणि व्यवस्थापन या विषयात उद्योजकता विकास असा पूर्ण धडा आहे. मुलं तो घोकून मार्क मिळवतात, पण त्यातल्या दहांतला एकही एखाद्या वस्तूची किंमत काढून दाखवत नाही. तुमचा मुलगा धडा शिकायच्या आधी तो जगतोय, त्याला थांबवू नका. वडलांनाही सांगा, हा अभ्यासच आहे.

मला दोन गोष्टी कळवा. दर काय ठरला, आणि एका नगाला खर्च किती येतो असं मुलगा सांगतो?

सांगलीची_आई (मंगळवार, दुपारी १:१५)
सगळ्यांचे आभार. सर, दर २२ रुपये नगाला. कच्चा माल ५,२०० चा आणला, म्हणजे नगाला १३. तो म्हणतो ९ रुपये सुटतात, एकूण ३,६०० नफा. पैसे त्याने साठवलेले, दोन हजार मी घातले.

निवृत्त_शिक्षक_मिरज (मंगळवार, दुपारी २:०२)
पिशव्या? लेबल? दळण किंवा शिजवण्याचा खर्च? दुकानदार पैसे रोख देणार की दिवाळीनंतर?

सांगलीची_आई (मंगळवार, दुपारी २:३०)
पाऊच आणि स्टिकर मिळून १,२०० झाले. दळण गिरणीत ४०० लागेल. पैसे भाऊबीजेनंतर देतो म्हणालेत.

निवृत्त_शिक्षक_मिरज (मंगळवार, दुपारी ३:१०)
मग नगाला १३ नाही, १७. सुटतात ५ रुपये, ४०० नगांचे २,०००. त्यातही ६,८०० रुपये भाऊबीजेपर्यंत दुकानदाराकडे अडकणार. त्याची मजुरी यात कुठेच नाही. हे तुम्ही करून देऊ नका, त्यालाच वहीत मांडायला लावा. डाव्या बाजूला गेलं, उजव्या बाजूला आलं, आणि तिसऱ्या रकान्यात कोणाकडे अडकलं. तो तिसरा रकाना शाळेत कुणी शिकवत नाही आणि धंदे तिथेच बुडतात. शुक्रवारी निदान निम्मे पैसे आधी मागायला सांगा.

फ्रँकफुर्टवासी (मंगळवार, संध्याकाळी ५:४५)
इथे जर्मनीत याला कायद्यातच वाट आहे. नागरी संहितेचं कलम ११२ : कौटुंबिक न्यायालयाच्या मंजुरीने पालक अज्ञान मुलाला स्वतंत्र धंदा चालवायची परवानगी देऊ शकतात, आणि मग त्या धंद्यापुरते बहुतेक व्यवहार तो सज्ञानासारखे करतो. पॉकेटमनीतून केलेल्या खरेदीसाठी कलम ११० वेगळंच. शाळांमध्ये 'श्युलरफिर्मा' असतात, मुलांची शाळेतली कंपनी. माझी मुलगी तशा कंपनीत मध विकत होती. आपल्याकडे असं का होत नाही?

वकिलीण_कोल्हापूर (मंगळवार, संध्याकाळी ६:२०)
आपल्याकडे अगदीच काही नाही असं नाही. भागीदारी कायदा १९३२, कलम ३० : सगळ्या भागीदारांच्या संमतीने अज्ञान व्यक्तीला भागीदारीच्या लाभात घेता येतं, आणि तिची स्वतःची मालमत्ता तोट्याला जबाबदार राहत नाही. आपल्या व्यापारी घराण्यांत हे पूर्वीपासून चालत आलंय.

पार्ल्याचा_बाबा (मंगळवार, संध्याकाळी ६:५५)
व्यापारी घराण्यांत, बरोबर बोललात. आपण मराठी माणसं मात्र मुलाने धंदा म्हटलं की आधी 'नोकरीचं बघ' म्हणतो. मुंबईत तिलक मेहता या मुलाने २०१८ मध्ये तेराव्या वर्षी डबेवाल्यांना घेऊन पार्सल पोचवायची कंपनी काढली. घरच्यांचं पाठबळ होतं म्हणून झालं.

कृष्णाकाठ (मंगळवार, संध्याकाळी ७:१०)
लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावला सायकलचं दुकान काढलं, ती मराठी माणसंच होती. किर्लोस्करवाडी इथून तासाभरावर आहे. हे रडगाणं इथे नको, बाईंना शुक्रवार आहे.

उद्योगमित्र_नाशिक (मंगळवार, रात्री ८:३०)
महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र, म्हणजे एमसीईडी, १९८८ पासून काम करतंय. जिल्ह्याला कार्यालय आहे, प्रशिक्षण घ्या. आणि पंतप्रधान रोजगार निर्मितीतून अनुदानासह कर्ज मिळतं.

हिशोबनीस (मंगळवार, रात्री ८:४१)
त्या कर्जाला १८ पूर्ण लागतात. नऊ हजारांच्या धंद्याला कर्ज हवंय कुणाला?

मिश्रण_आणि_मात्रा (मंगळवार, रात्री ९:१५)
मी औषधनिर्मितीत बावीस वर्षं आहे. सगळा धागा वाचला. माल काय आहे हे कुणीच विचारलं नाही. पाऊच, दळण, दिवाळी... खायची वस्तू असेल तर लहान व्यावसायिकालाही अन्नसुरक्षा नोंदणी लागेल. पण ताई, हे उटणं तर नाही ना?

सांगलीची_आई (मंगळवार, रात्री ९:२२)
हो, उटणंच. माझ्या सासूबाईंच्या प्रमाणाने. आंबेहळद, कपूरकाचरी, नागरमोथा, वाळा, संत्र्याची साल, गुलाबपाकळी. दिवाळीला उटणं असणार हे मला उघडच वाटलं, म्हणून लिहिलं नाही. त्यात कसलीच केमिकल नाहीत.

मिश्रण_आणि_मात्रा (मंगळवार, रात्री ९:५०)
केमिकल नसलं तरी त्वचेला लावायची वस्तू विकण्यासाठी बनवली की ती कायद्याने सौंदर्यप्रसाधन. सौंदर्यप्रसाधन नियम २०२० प्रमाणे उत्पादनाचा परवाना राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून लागतो. त्याला ठरावीक जागा, सामग्री, शिकलेला देखरेखीचा माणूस हवा. घरच्या स्वयंपाकघराला तो मिळत नाही. पाकिटावर 'मुरुमं जातात' लिहिलंत तर प्रकरण औषधाकडे जातं. काय लिहिलंय स्टिकरवर?

सांगलीची_आई (मंगळवार, रात्री १०:०१)
'त्वचारोगांवर गुणकारी' लिहिलंय. छापूनही झालं.

झेप_मार्केटिंग (मंगळवार, रात्री १०:०६)
अहो, गल्लोगल्ली बायका घरी उटणं करून विकतात. कोण बघतंय? पोराचा उत्साह मारू नका.

मिश्रण_आणि_मात्रा (मंगळवार, रात्री १०:३३)
उत्साह मारायचा नाही म्हणूनच लिहितोय. शेजारणीने शेजारणीला वाटीभर देणं वेगळं, पेठेतल्या दुकानात लेबल लावून ४०० पाकिटं ठेवणं वेगळं. एखाद्या बाळाच्या अंगावर पुरळ उठलं तर पाकिटावर नाव कुणाचं? सतरा वर्षांच्या मुलाला पहिल्याच धंद्यात 'कोण बघतंय' शिकवायचं का?

वाट आहे. परवानाधारक कारखान्याचं बंद पाकिटातलं उटणं घाऊक आणायचं आणि तसंच विकायचं. विक्रीला वेगळा परवाना लागत नाही. पाकिटावर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच पाहून घ्या. मात्र मोठी पिशवी आणून घरी छोट्या पुड्या बांधायच्या नाहीत, तेही उत्पादनातच मोडतं.

निवृत्त_शिक्षक_मिरज (बुधवार, सकाळी ६:३०)
मग ते अभ्यंगाचा डबा करून विका. बंद उटणं, साबण, त्याच्या हाताने रंगवलेल्या चार पणत्या. पणती रंगवायला कुणाचा परवाना लागत नाही आणि त्याची मेहनतही त्यात उतरते. डब्यावर किंमत, आत काय आहे, पॅक करणाराचं नाव-पत्ता, महिना, तक्रारीचा फोन हे छापा. कच्चा माल दळला का?

सांगलीची_आई (बुधवार, सकाळी ७:४५)
निम्मा दळला. रात्री त्याला सगळं वाचायला दिलं. आधी रडला, मग म्हणाला त्वचारोगाचं मीच लिहिलं, इंटरनेटवर बघून. जेवला नाही. आज कॉलेज सुटल्यावर न दळलेला माल घेऊन काष्ठौषधीच्या दुकानात जाणार आहे, परत घेतात का बघायला. मी बरोबर येऊ का विचारलं, नको म्हणाला.

वकिलीण_कोल्हापूर (बुधवार, सकाळी ८:१०)
जाऊ दे एकट्याला. बिल तेवढं बरोबर द्या.

सांगलीची_आई (शुक्रवार, रात्री ९:३०)
कळवायचं राहिलं होतं. काष्ठौषधीवाल्याने न फोडलेल्या मालाचे १,९०० परत दिले, थोडे कापून. दुकानदाराला मुलाने स्वतः सांगितलं की घरचं उटणं देता येणार नाही, कारण काय तेही सांगितलं. ते आधी चिडले, त्यांनी दुसऱ्याला नाही म्हटलं होतं. मग पणत्यांचे नमुने बघून ६० डबे घेतो म्हणाले, ३० चे पैसे आगाऊ, माझ्या नावाच्या साध्या बिलावर. मुलाचं बचत खातं सोमवारी उघडेल, अर्ज भरला.

छापलेले स्टिकर फुकट गेले. वहीत त्याने चौथा रकाना काढलाय, 'चुकीचे गेले', त्यात पहिली नोंद स्टिकरची. मिस्टर काही बोलले नाहीत, पण कुंभारवाड्यात पणत्या आणायला स्कूटरवर तेच घेऊन गेले होते.

दळलेलं नऊ-दहा किलो उटणं घरात पडलंय, त्याचं काय करू?

मिश्रण_आणि_मात्रा (शुक्रवार, रात्री ९:५२)
घट्ट डब्यात भरा, कोरड्या जागी ठेवा, घरी वापरा. विकू नका, वाटूही नका.

झेप_मार्केटिंग (शुक्रवार, रात्री १०:१५)
पणत्यांचे फोटो टाका ना इथे. मला वीस डबे हवेत, ऑफिसात द्यायला. दर काय?

सांगलीची_आई (शुक्रवार, रात्री १०:२०)
दर तो सांगेल. उद्या सकाळी विचारून लिहिते, आत्ता रंगवत बसलाय.