मदत हवी आहे: चुंबक लावलेल्या मसाल्याच्या डब्या पत्र्यावरून घसरतात

नमस्कार मंडळी,

आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. आईच्या बोटांचे सांधे सुजतात. मिसळणाचा मोठा डबा ट्रॉलीतून उचलून त्याचं घट्ट झाकण काढणं तिला आता जमत नाही. पण फोडणी तिलाच घालायची असते, आणि ती तिनेच घालावी असं मलाही वाटतं. म्हणून हात पुढे केला की सापडतील अशा डब्या भिंतीवर लावायच्या ठरवल्या.

भांडी बाजारातून सपाट बुडाच्या, पारदर्शक झाकणाच्या स्टीलच्या आठ डब्या आणल्या. फ्रिजवरचा चुंबक सोबत नेला होता, तो त्यांना चिकटेना. मग बुडालाच चुंबक लावायचं ठरलं. २० मिमीचे काळे फेराइट चुंबक आणले आणि झटपट चिकटणाऱ्या गोंदाने बसवले. सातपूरला १ मिमीचा एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधा लोखंडी) पत्रा २ फूट बाय दीड फूट कापून, पावडर कोटिंग करून घेतला. त्याचं वजन सव्वादोन किलोच्या आसपास भरलं. तो गॅसच्या वरच्या भिंतीवर चार स्क्रूंनी बसवला.

रिकाम्या डब्या छान राहिल्या. भरल्यावर जिऱ्याची आणि मोहरीची हळूहळू खाली सरकायला लागली. हळदीची तर चुंबक पत्र्यावरच ठेवून सुटली. सगळा ओटा पिवळा झाला आणि आई दिवसभर गप्प होती. भरलेली डबी दीडशे ग्रॅमच्या आतच भरते. चुंबक जास्त ताकदीचे घ्यावेत का? गोंद कोणता वापरावा? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, मी अंबडला टूलरूममध्ये आहे. चुंबकाची सांगितलेली ताकद ही सरळ ओढून काढायची असते. भिंतीवर वजन खाली ओढतं, तिथे डबी फक्त घर्षणावर टिकते. गुळगुळीत कोटिंगवर त्या ताकदीचा पाचवा हिस्सा हाती लागला तरी पुष्कळ. शिवाय डबीच्या बुडाला उठावदार कड असेल तर चुंबक आत राहतो. कागदाएवढी फट पडली तरी पकड कमी होते. चुंबक कडेच्या किंचित बाहेर यायला हवा.

तुमच्या डब्या बहुधा ३०४ ग्रेडच्या स्टीलच्या असतील. त्यात निकेल असतं, म्हणून चुंबक धरत नाही. ४३० ग्रेडच्या स्टीलला धरतो. डब्या बदलू नका. चुंबक निओडिमियमचे घ्या (फेराइटपेक्षा कितीतरी ताकदीचे), २० बाय ३ मिमीचे. झटपट गोंद ठिसूळ असतो, झटक्याने आणि ओलीने सुटतो. दोन ट्यूबवालं अराल्डाइट घ्या. दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने घासा, स्पिरिटने पुसा, लावल्यावर २४ तास हात लावू नका. चुंबक डबीच्या बाहेरूनच लावा, मसाल्याला त्याचा स्पर्श नको.

प्रतिसाद २

पत्रा गॅसच्या वरून आधी काढा. वाफेने हळद-तिखटाच्या गाठी होतात. साधा निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या पुढे कायमचा कमजोर होतो, त्यामुळे डब्या उकळत्या पाण्यानेही धुऊ नका. पारदर्शक झाकणातून उजेड लागला की तिखटाचा रंग उडतो. डबीत पंधरा दिवसांपुरतं भरा, बाकीचं बरणीत अंधारात ठेवा.

घरात लहान मूल येत-जात असेल तर सुटलेला चुंबक लगेच उचला. असे दोन चुंबक पोटात गेले तर आतडं मधे धरून एकमेकांना चिकटतात, जिवावर बेततं. घरात कुणाला पेसमेकर असेल तर हे करूच नका.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. घरात पेसमेकर कुणालाच नाही. भाची येते, त्यामुळे प्रत्येक चुंबक ओढून तपासला. पत्रा खिडकीपासून दूर, फ्रिजच्या बाजूच्या भिंतीवर हलवला. निओडिमियमची एक डबी केली, जिरं भरून दोन दिवस ठेवली, केसभरही हलली नाही.

पण आईला ती निघेना! दोन्ही हातांनी ओढली तेव्हा सुटली आणि तिची बोटं दुखली. ज्या हातांसाठी हे करतेय त्यांनाच त्रास होणार असेल तर काय उपयोग? ताकद कमी केली तर डबी घसरते. मधला मार्ग आहे का?

प्रतिसाद १

आहे. वजन चुंबकावर टाकूच नका. प्रत्येक रांगेखाली अ‍ॅल्युमिनियमची अर्ध्या इंचाची एल पट्टी अराल्डाइटने चिकटवा, म्हणजे छिद्रं पाडून कोटिंग उडणार नाही. डबी पट्टीवर टेकेल, चुंबकाने फक्त तिला मागे धरायचं. त्याला तुमचे काळे फेराइटच पुरतील. काढताना आईंना सरळ ओढायला सांगू नका. डबीची वरची कड पुढे झुकवली की ती आपोआप सुटते.

मूळ प्रश्नकर्ती

दादा, दोन पट्ट्या लावल्या. फेराइट चुंबक घासूनपुसून अराल्डाइटने पुन्हा बसवले. आज सकाळी आईने एका हाताने मोहरीची डबी झुकवून काढली, फोडणी घातली आणि परत जागेवर ठेवली. आता गोड्या मसाल्यासाठी मोठी डबी हवी म्हणतेय. पाव किलोची डबी या पट्टीवर राहील का, की तिला दोन चुंबक लावू?