मदत हवी आहे : आरटीई आणि भाडेकरार

नमस्कार ताई-दादांनो. आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ भाड्याने राहतो. मुलगी अंगणवाडीत जाते, सेविका ताई जीव लावून शिकवतात, तक्रार काहीच नाही. आता पहिलीसाठी आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांत राखीव असलेल्या २५ टक्के जागांमधून फॉर्म भरायचा आहे. आम्ही ओबीसी, म्हणजे वंचित घटकात. त्यामुळे एक लाखाच्या उत्पन्नाची अट आम्हाला नाही. ह्यांचा जातीचा दाखला, मुलीचा जन्मदाखला तयार आहे.

घोडं अडलंय पत्त्याच्या पुराव्यावर. रेशनकार्ड, आधार सगळं गावचं. भाडेकरार लागेल तर तो नोंदणीकृतच हवा, नुसता नोटरी केलेला पडताळणीत चालत नाही म्हणतात. घरमालक काका एरवी देवमाणूस, पण नोंदणीचं नाव काढलं की 'बघू पुढच्या महिन्यात'! त्यांना वाटतं भाडेकरू घरावर हक्क सांगेल. उलट नोंदणी त्यांच्याच फायद्याची आहे, पण मी सांगून पटत नाही. खर्च आम्ही करायला तयार आहोत.

कुणी घरमालकाला कसं पटवलं? घरी येऊन अंगठा घेऊन ऑनलाइन नोंदणी करून देणारं कुणी सिडको-इंदिरानगर भागात आहे का? आधारवरचा पत्ता आत्ता बदलला तर पडताळणी समिती धरते का?

आणखी एक. ऑनलाइन फॉर्ममधल्या नकाशावर घराची जागा दाखवणारा फुगा नेमका कुठे ठेवायचा, गल्लीच्या तोंडाशी की इमारतीवर? आवडलेली शाळा घरापासून एक किलोमीटरच्या हद्दीच्या अगदी काठावर येतेय, म्हणून विचारते. सोडतीत नंबर लागून पडताळणीत प्रवेश गेलेलं शेजारी पाहिलंय, त्यामुळे अनुभव असलेल्यांनीच सांगा, प्लीज.