मदत हवी आहे: मामांनी पाठवलेला मध फसफसलाय, पुढच्या खेपेला कसा आणावा?

महाबळेश्वर तालुक्यात माझ्या मामांच्या सातेरी मधमाश्यांच्या सहा पेट्या आहेत. २०२२ साली 'मधाचं गाव' म्हणून गाजलेलं मांघर तिथून जवळच. दरवर्षी दोन-तीन किलो मध यायचा. यंदा जांभळाचा बहर चांगला झाला म्हणून मामांनी मेअखेरीस पाच लिटरचा कॅन भरून एसटीने ठाण्याला पाठवला. (वजन केलं तर सात किलो! आधी वाटलं, काटा बिघडला.)

जूनमध्ये घरच्यांसाठी थोडा काढून घेतला, बाकीचा कॅनमध्येच राहिला. परवा बघतो तर कॅन फुगलेला. झाकण सैल करताच फुस्स झालं आणि फेस ओट्यावर. वास आंबूस, ताडीच्या जवळचा. बसमध्ये इंजिनाजवळ ठेवून तापवला असणार, असा माझा संशय आहे.

याशिवाय मामांनीच फेब्रुवारीत दिलेली एक काचेची बरणी आहे. ती तुपासारखी रवाळ थिजली आहे. तिच्यात साखर आहे असं सौ.चं म्हणणं आहे आणि ती फेकायला निघाली आहे.

तर कॅनमधला मध उकळून वाचेल का? आणि दिवाळीनंतर पुन्हा आणायचा आहे, तो कशात आणि कसा आणू?

रानमेवा
आधी वहिनींच्या हातातून बरणी काढून घ्या! दोन्हींत तीच चांगली आहे. मधातल्या ग्लुकोजचे कण होऊन मध थिजतो, त्यात भेसळ काही नाही. साधारण १४ अंशांच्या आसपास मध सर्वांत लवकर थिजतो, आणि महाबळेश्वरची थंडी नेमकी तशीच. सोसेल इतक्या गरम पाण्यात, म्हणजे ४० अंशांच्या आसपास, बरणी ठेवा आणि पाणी निवलं की बदला. तास-दोन तास लागतील. गॅसवर थेट नको. मी तर वितळवतही नाही, पोळीला तसाच लावतो.

पेटीवाला
कॅनमधला आंबला आहे. उकळून फेस थांबेल, पण आंबट चव जाणार नाही आणि मधाचा वासही जाईल. सोडून द्या.

एसटीला मात्र उगाच दोष देताय. तापल्याने मध काळपट होतो, सुवास उडतो. आंबायला पाणी लागतं. मधात खमीर असतंच, पण पाणी १७-१८ टक्क्यांच्या आत असेल तर त्याचं काही चालत नाही. सरकारी मानकात २० टक्क्यांपर्यंत चालतं, सातेरीचा मध बऱ्याचदा त्याच्याही वर जातो. वर तुम्ही थोडा रिकामा झालेला कॅन ठाण्याच्या पावसाळ्यात उघडलात. मध हवेतली ओल ओढतो.

मामांना एवढंच विचारा, काढताना पेटीतल्या पोळ्यांच्या चौकटी मेणाने बंद झालेल्या होत्या का? निदान पाऊण चौकट बंद हवी. उघड्या घरांची चौकट आडवी धरून झटकली आणि थेंब उडाले, तर तो मध अजून कच्चा.

कोकणी_कुडाळ
आंबलेला मध पाणी घालून पेट्यांनाच परत पाजता येईल ना? वाया तरी जाणार नाही.

पेटीवाला
अजिबात नको, माश्यांना हगवण लागते.

रानमेवा
भांड्याचं सांगायचं राहिलं. काच किंवा स्टेनलेस स्टील उत्तम. प्लास्टिक घ्यायचं तर खाद्यपदार्थांसाठीचं, नवं. तेलाचा जुना कॅन कितीही धुतला तरी वास सोडतो. जस्ताचा मुलामा दिलेले डबे नकोत, मध आम्लधर्मी असल्यामुळे जस्त उतरतं. भांडं हाडकोरडं हवं. गळ्यापर्यंत भरा, झाकणाखाली प्लास्टिकचा कागद, वरून चिकटपट्टी, उभं ठेवून गोणपाटात. मोठ्या कॅनपेक्षा एकेक किलोच्या बरण्या बऱ्या, उघडाल तेवढ्याच बरणीत ओल जाईल. घरी फ्रिज नको, अंधारं कपाट पुरे.

आणि घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल, तर कुठलाच मध चाटवू नका, मामांचाही नाही.

धागाकर्ता
मामांना फोन केला. 'मामा, मध आंबला' हे कसं सांगावं तेच सुचेना, म्हणून बसचंच कारण सांगून सुरुवात केली. तेच म्हणाले, "बस कशाला मध्ये आणतोस? वळीव येऊन गेला, मोठा पाऊस अंगावर आलेला. अर्ध्या चौकटी उघड्याच होत्या, तशाच फिरवल्या मध काढायच्या यंत्रात." त्यांच्याकडे उरलेल्या दोन बरण्याही फेसाळल्यात, आम्हाला कळवायचा संकोच वाटत होता म्हणे.

मधातलं पाणी मोजायचं छोटं यंत्र सहा पेट्यांसाठी घेणं परवडतं का? की महाबळेश्वरच्या मध संचालनालयात नमुना नेला तर मोजून देतात? कुणी नेला असेल तर सांगा. थिजलेली बरणी आता देवघराशेजारी आहे, सौ. रोज चमचाभर खाते.