विषय: पोर्टलवर दोन जीपीए, खरा कुठला?

नमस्कार मंडळी,
लेक नववीत आहे, पहिलं सेमिस्टर नुकतंच संपलं. सहा विषय: चार ए, दोन बी. शाळेच्या पोर्टलवर जीपीए (ग्रेडची सरासरी) एका ओळीत ३.६७ आणि खालच्या ओळीत ३.८३. जॉमेट्रीत ८९.४ टक्के मिळूनही बी! हे म्हणतात, आमच्या वेळी पंचाहत्तर टक्क्यांना डिस्टिंक्शन होतं, पेढे वाटायचे. ३.६७ म्हणजे टक्के किती धरायचे?
– नववीवालीची आई, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

वहिनी,
टक्के धरूच नका. एचे ४, बीचे ३, सीचे २, डीचा १, एफला भोपळा. तुमचे २२ भागिले ६, झाले ३.६७. टक्क्यांचं काम अक्षर ठरेपर्यंतच, ९०.१ काय नि ९९ काय, दोन्ही ४च. ८९.४ ची हळहळ खरी, पण ती सेमिस्टर संपायच्या आत करायची.

खालची ओळ वेटेड, म्हणजे अवघड विषयांना जादा गुण धरून काढलेली. एखादा विषय ऑनर्स (वरच्या पातळीचा) असणार, त्याला शाळेने एक गुण जादा दिला: २३ भागिले ६. आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये ऑनर्सला अर्धाच देतात, एपीला (कॉलेजच्या पातळीच्या विषयाला) एक. म्हणून दुसऱ्या गावच्या कुणाचा ४.३ ऐकून झोप घालवू नका.

आमच्या चिरंजीवांची दहावी संपताना २४ ग्रेडची सरासरी ३.५ होती. अकरावीच्या पहिल्या सेमिस्टरला सहाच्या सहा ए आले. घरात दिवाळी! जीपीए? ३.६. मागचं ओझं असं हळूहळूच हलतं.
– काका, सॅन होजे

काकांच्या मेलला पुरवणी. यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला) अर्ज करणार असाल तर ते शाळेचा जीपीए घेत नाहीत, स्वतः काढतात. नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतचेच ग्रेड, तेही ए-जी विषयांचे (यूसीच्या प्रवेशाला लागणाऱ्या यादीतले). पीई (शारीरिक शिक्षण) नाही, अक्षरापुढचे प्लस-मायनसही नाहीत. ऑनर्स-एपीचा जादा गुण फार तर आठ सेमिस्टर-ग्रेडना, त्यात दहावीचे चारच. कॅलिफोर्नियाच्या मुलांना किमान ३.० लागतो. (हे मुलीला सांगताना जपून. ‘मग नववी मोजतच नाहीत ना?’ हे आमच्याकडे महिनाभर ऐकलं. मोजत नसले तरी ए-जी विषयात निदान सी लागतो, आणि ट्रान्सक्रिप्टवर (शाळेच्या अधिकृत गुणपत्रकावर) नववी दिसतेच.)

मी एक शीट ठेवते: विषय, सेमिस्टरचं अक्षर, ए-जी आहे का, ऑनर्स आहे का. पोर्टलवरचे मधले ग्रेड त्यात नाहीत, ते रोज हलतात. सेमिस्टर संपलं की ट्रान्सक्रिप्टशी ताडून बघायचं. आमच्या मुलीचा ऑनर्सचा विषय एकदा साधा म्हणून चढला होता. शीट होती म्हणून कळलं. काउन्सेलरला मेल केल्यावर दुरुस्त झाला.
– दोन मुलींची आई, सनीव्हेल

दोघांचे आभार. बायॉलॉजी ऑनर्सच आहे, त्यातच दुसरा बी. शीट पाठवाल का? जॉमेट्रीचीही चौकशी केली. तीन होमवर्क करून दप्तरातच राहिले होते, सबमिटच केले नव्हते. ह्यांनी पेढ्यांचा विषय आता बंद केलाय.
– नववीवालीची आई