चावणाऱ्या पाळीव कुत्र्याला मारण्याचा आदेश मिळतो का?

सभासद_बी_विंग
सोसायटीतल्या एकांचा रॉटवायलर तिघांना चावलाय. पोलिसांनी मालकावर न्याय संहितेचं कलम २९१ लावलं. आता सगळे म्हणतात, कोर्टातून कुत्र्याला इंजेक्शन द्यायचा आदेश आणा. मिळतो का?

तालुका_वकील
मिळू शकतो, पण त्या खटल्यात नाही. २९१ मालकाच्या निष्काळजीपणाचं आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कुत्र्याचं काय करायचं याबद्दल त्यात अवाक्षर नाही. तुम्हाला हवं ते नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १३३. अर्ज प्रांतांकडे, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे करा. धोकादायक जनावर मारणं, कोंडून ठेवणं किंवा त्याची दुसरी विल्हेवाट लावणं, असे तीन मार्ग कलमातच आहेत. तिन्ही मागा. नुसतं ‘मारा’ लिहिलंत तर समोरचा वकील ‘बांधून ठेवलं तर भागतं की’ एवढंच म्हणेल, आणि ते पटण्यासारखंच असतं.

सभासद_बी_विंग
आदेश झाला की लगेच अंमल?

तालुका_वकील
नाही हो. पहिला आदेश सशर्त असतो. मालकाने पाळायचा किंवा हजर राहून हरकत घ्यायची. हरकत घेतली की कलम १५७ खाली पुरावा होतो. मुदत ९० दिवस, कारणं नोंदवून १२०. तो आलाच नाही तर आदेश कायम. दरम्यानच्या काळासाठी कलम १६१ खाली मनाई हुकूम मागा: मुसकं आणि पट्ट्याशिवाय बाहेर काढायचं नाही. बरेच अर्जदार हे मागायचंच विसरतात. कायम झालेल्या आदेशावर दिवाणी दावा चालत नाही, सत्र न्यायालयात पुनरीक्षण (रिव्हिजन) चालतं.

पुरावा तारीखवार लावा. प्रत्येक चाव्याचा दवाखान्याचा कागद, लसीचं कार्ड, पोलीस तक्रार. सीसीटीव्हीचं फुटेज आजच कॉपी करा, डीव्हीआर जुनं पुसत जातो. ‘सगळे घाबरतात’ अशा सह्यांच्या पत्रकाला फारसं वजन नसतं.

पशुवैद्य_घाटमाथा
एक भर. नुकताच कोणाला चावला असेल तर मारायची घाई नको. दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवा. तेवढ्यात धडधाकट राहिला तर चावला तेव्हा लाळेत रेबीज नव्हता असं धरता येतं. आधीच मारलात तर ही खात्री गेली. लस मात्र पहिल्याच दिवशी सुरू करायची, दहा दिवस वाट बघत बसायचं नाही.

तालुका_वकील
आणि कोणी बिस्किटातून विष घालायच्या गोष्टी करत असेल तर आवरा. न्याय संहिता कलम ३२५, पाच वर्षांपर्यंत कैद. शिवाय प्रांतांपुढचा तुमचा अर्जही तिथेच संपला.