एंडोमेट्रिऑसिस आणि औषधी गांजा : 10 पैकी 7.6 गुणांवर किती विसंबावे?

केतकी :
गेल्या आठवड्यात माझ्या धाकट्या बहिणीने मला एका कुपीचे छायाचित्र पाठवले. कुपीवर ‘विजया अर्क’ (विजया हे आयुर्वेदातील भांगेचे नाव) असे छापले होते आणि झाकणाला ड्रॉपर होता. पण एका थेंबात टीएचसी (गांजातील नशा आणणारा घटक) किती आणि सीबीडी (नशा न आणणारा घटक) किती, याचा लेबलवर कुठेही उल्लेख नव्हता. सोबतच्या माहितीपत्रकात मात्र ऑस्ट्रेलियातील एका सर्वेक्षणाचा हवाला देऊन हा एंडोमेट्रिऑसिसच्या, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराच्या, वेदनांवरचा ‘सिद्ध’ उपाय असल्याचे म्हटले होते. गेली नऊ वर्षे बहीण दर पाळीत दोन दिवस गरम पाण्याची पिशवी ओटीपोटाशी धरून अंथरुणात काढते, त्यामुळे ‘सिद्ध’ हा शब्द तिने कोणत्या आशेने वाचला असेल हे मला ठाऊक आहे. म्हणून मी ते सर्वेक्षण मुळातून वाचले.

त्यात 18 ते 45 वयोगटातील 484 स्त्रियांनी ऑनलाइन उत्तरे दिली होती. त्यांतील स्वतःहून काही ना काही उपाय करणाऱ्यांपैकी 13 टक्के, म्हणजे जेमतेम पन्नासएक स्त्रिया गांजा वापरत होत्या आणि त्यांनी त्याच्या गुणकारकतेला 10 पैकी सरासरी 7.6 गुण दिले. त्यांनी खोटे सांगितले असे मी मुळीच म्हणत नाही. परंतु जिला गुण आला नाही ती तो वापरणे केव्हाच थांबवते, आणि मग गुण देणाऱ्यांत तिची गणतीच होत नाही. शिवाय कोणता माल, किती मात्रेत, हे कोणी मोजून दिलेले नव्हते, आणि तुलनेसाठी दुसरा गटही नव्हता. कॅनडातील 2021 च्या अभ्यासात 252 जणींनी मोबाइल ॲपवर केलेल्या 16,193 नोंदी आहेत. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण उणीव तीच आहे. वेदनांवरील गांजाच्या 20 चाचण्यांचा एकत्रित आढावा 2022 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी किंवा तेल, घेणाऱ्यांच्या वेदनाही लक्षणीय कमी झाल्याचे दिसले. असे असताना तुलनेचा गट नसलेल्या अभ्यासावर ‘सिद्ध’ हा शिक्का मारणे ही आजारी बाईची फसवणूक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

रानजाई (सिडनी) :
केतकीताई, आपला मुद्दा समजला, पण पटला नाही. माझ्या आजाराचे निदान व्हायला आठ वर्षे लागली आणि त्या आठ वर्षांत ‘पाळीत दुखायचेच’ हे वाक्य मी डॉक्टरांकडूनही ऐकले. आता तेच लोक ‘पुरावा नाही’ म्हणतात, तेव्हा मला त्यात जुन्याच वाक्याचा सूर ऐकू येतो. पुरावा का नाही, हेही विचारा. अमली पदार्थांवरील 1961 च्या आंतरराष्ट्रीय करारात गांजा सर्वांत कडक यादीत होता. तिथून तो डिसेंबर 2020 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात 27 विरुद्ध 25 मतांनी निघाला, आणि भारताने त्या बाजूने मत दिले होते. संशोधनाची वाट साठ वर्षे अडवून ठेवायची आणि संशोधन नाही म्हणून रुग्णालाच दोष द्यायचा, हा कुठला न्याय? बार्सिलोनातील शास्त्रज्ञांनी 2020 मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगात टीएचसीमुळे वेदना तर कमी झाल्याच, पण गर्भाशयाबाहेरील अस्तराची वाढही कमी झाली. हार्मोनच्या गोळ्यांनी माझी रया गेली, शस्त्रक्रियेनंतर दुखणे दोन वर्षांत परतले. रात्री झोप लागते ती गांजाच्या तेलामुळे, आणि हे कळण्याइतक्या आम्ही रुग्ण शहाण्या आहोत. बोळ्याने दूध पीत नाही.

केतकी :
उंदरांना मुळात पाळीच येत नाही. त्या प्रयोगात गर्भाशयाच्या ऊतीचे तुकडे त्यांच्या पोटात शस्त्रक्रियेने बसवले होते. दिशा म्हणून तो प्रयोग मोलाचा आहे, पण वर्षानुवर्षे मुरलेल्या वेदनेचे उत्तर त्यातून मिळत नाही. कायद्याने वाट अडवली हे मात्र मला शंभर टक्के मान्य आहे.

‘तळटीप’ (टोपणनाव) :
मी औषधशास्त्र शिकवतो. उद्या मोठी चाचणी झाली तरी एक अडचण उरतेच. डोके हलके झाले, तोंडाला कोरड पडली की आपल्याला खरे औषध मिळाले हे रुग्णाला कळते, आणि चाचणीतील गुप्तता तिथेच संपते. त्यामुळे तसाच अंमल जाणवणारा प्लासिबो द्यावा लागेल आणि ‘तुम्हाला काय मिळाले असे वाटते’ हे प्रत्येकीला विचारून नोंदवावे लागेल. मूल हवे असलेल्या स्त्रियांचा प्रश्न तर याहून नाजूक आहे, कारण गरोदरपणातील गांजाच्या वापराचा संबंध कमी वजनाच्या बाळांशी आढळला आहे. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने 2019 मध्ये जुनाट वेदनांसाठी गांजाजन्य औषधे देऊ नयेत, सीबीडी द्यायचेच तर चाचणीच्या चौकटीत द्यावे, असे सांगितले. रानजाई, हे कठोर वाटेल, पण मला ते योग्य वाटते.

वैद्या, नाशिक :
‘विजया’ या नावाआड परंपरेची साक्ष काढली जाते, म्हणून लिहिते. आमच्याकडे भांगेची पाने शोधन (शुद्धीकरण) करून, इतर द्रव्यांबरोबर, रुग्ण तपासून दिली जातात. अमली पदार्थांवरील 1985 च्या कायद्यातील गांजाच्या व्याख्येत नुसती पाने येत नाहीत, म्हणून त्या कायद्याने ती वैध आहेत. पण वैध म्हणजे तपासून सिद्ध झालेले नव्हे. ऑस्ट्रेलियातील स्त्रियांनी वापरलेला माल वेगळा आणि या कुपीतला अर्क वेगळा, तेव्हा तिथले गुण इथे चिकटवणे मलाही मान्य नाही.

रानजाई (सिडनी) :
तळटीप, आपल्या सल्ल्याने माझी आजची रात्र सरत नाही, म्हणून मी तेल बंद करणार नाही. पण केतकीताईंचे वाचून काल माझी वही काढली. दुखणे किती आणि तेल किती, हे मी दीड वर्ष लिहिते आहे. मार्च आणि एप्रिलची पाने कोरी आहेत. त्या दोन महिन्यांत तेलाने काहीच फरक पडला नव्हता, आणि लिहायला उठण्याचे त्राणही माझ्यात नव्हते.